भरपगारी रजा आणि अपघाताची भरपाई : कामगाराचे दोन स्वतंत्र हक्क

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी कामगारांना साप्ताहिक सुट्टीदेखील नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्या अखंड प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९२३ मध्ये अपघात भरपाईचा कायदा आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये, भरपगारी रजेचे तत्त्व कारखाने कायद्यात आले. १९४८ मध्ये नवा कारखाने कायदा आणि राज्य कामगार विमा कायदा झाले. या तरतुदी आता नव्या कामगार संहितांत समाविष्ट झाल्या असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत.

असे असूनही एक जुनी अनिष्ट प्रथा अद्याप आढळते. यंत्रावर हात सापडलेल्या कामगाराला गावी पाठविले जाते आणि त्याच्या गैरहजेरीचे दिवस हजेरीपटात ‘रजा’ म्हणून मांडले जातात. कामगार परत येतो तेव्हा त्याची हक्काची रजा संपलेली असते आणि अपघाताची नोंद कोठेच नसते. एका चुकीच्या नोंदीने दोन हक्क बुडतात. म्हणून या दोहोंतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

रजेचा हक्क

भरपगारी रजा ही केलेल्या कामातून मिळविलेली असते. १९४८ च्या कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस काम करण्याची अट होती. नव्या संहितेने ती १८० दिवसांवर आणली आहे. दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते. उदाहरणार्थ, वर्षात २६० दिवस काम केलेल्या कामगारास १३ दिवसांची रजा देय होते. नोकरी सुटल्यास शिल्लक रजेचे वेतन कामगारास, आणि त्याचा मृत्यू झाल्यास त्याच्या वारसांस, मिळाले पाहिजे.

अपघाताची भरपाई

भरपाईचा आधार वेगळा आहे. नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात अपघात घडला की मालकाचे दायित्व निर्माण होते. त्यासाठी किती दिवस काम केले हे पाहिले जात नाही. घरून कामावर जाताना वा परतताना घडलेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, आता यात मोडतो.

रक्कम कशी ठरते, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, ४० वर्षांच्या कामगाराचे मासिक वेतन १२,००० रुपये आहे. या वयासाठी अनुसूचीतील गुणक १८४.१७ आहे. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे ६,००० रुपयांस या गुणकाने गुणून ११,०५,०२० रुपये अवलंबितांना देय होतात. कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी ५० ऐवजी ६० टक्के धरतात; त्यानुसार १३,२६,०२४ रुपये होतात. अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे मानतात, म्हणून या रकमेच्या ३० टक्के, सुमारे ३,९७,८०७ रुपये मिळतात. ‘अंगठाच तर गेला’ असे म्हणून दोन-पाच हजारांवर कामगाराची बोळवण होते, तेव्हा त्याचे केवढे नुकसान होते हे यावरून दिसेल.

राज्य कामगार विमा योजनेत समाविष्ट असलेल्या कामगाराला हा लाभ मालकाऐवजी विमा महामंडळाकडून मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम आणि वैद्यकीय उपचार मिळतात. एकाच अपघातासाठी दोन्हीकडे मागणी करता येत नाही.

काही अपवादही ध्यानी ठेवावेत. मद्याच्या अमलाखाली असताना, किंवा सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढल्यामुळे झालेल्या दुखापतीस मालक जबाबदार नसतो. परंतु मृत्यू वा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास हा बचाव चालत नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक ठरतो.

गावाची जबाबदारी

जखमी कामगार अखेर गावीच परततो. अशा वेळी सरपंच, सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांनी त्याला चार गोष्टी अवश्य सांगाव्यात : अपघाताची लेखी सूचना मालकास विनाविलंब देऊन पोच घ्यावी, दवाखान्याच्या कागदांत दुखापत कामावर झाल्याचे नमूद करून घ्यावे, वेतनाचा व हजेरीचा पुरावा जपावा, आणि न वाचलेल्या कागदावर सही वा अंगठा करू नये. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी मूळ आस्थापनेचे नावही लिहून ठेवावे. पुढील मार्गदर्शनासाठी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाशी संपर्क साधता येईल.

कायदा कितीही हितकारी असला तरी त्याचे फळ नोंदीवाचून मिळत नाही. जखमेचे दिवस रजेच्या रकान्यात जाऊ न देणे, ही त्या दिशेने पहिली पायरी होय.