शस्त्राचा धातू, शस्त्राची घडण

मेजाभोवती बसून, कथा रचत खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत तलवार म्हणजे कागदावरची एक ओळ असते. तरीही साधी तलवार व निष्णात कारागिराची तलवार यांतील अंतर खेळाडूला जाणवले पाहिजे. हे काम नियमांना करावे लागते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीची सुधारित नियमावली २००३ साली निघाली. तीत घडण आणि धातू यांचा विचार वेगवेगळा केलेला आढळतो.

वार लागला की हुकला, हे वीस पृष्ठांच्या फाशावर ठरते. उत्तम घडणीच्या शस्त्राला त्या दानात एक अंक अधिक मिळतो. म्हणजे शंभर वारांत सरासरी पाच वार जास्त लागतात. जखम मात्र तेवढीच होते. या लाभासाठी ३०० सुवर्णनाणी अधिक मोजावी लागतात. १५ नाण्यांची लांब तलवार ३१५ ची होते आणि नवख्या योद्ध्याजवळ आरंभी सरासरी १५० नाणीच असतात! दोन नाण्यांच्या खंजिरालाही तीच ३०० ची भर पडते. हिशेबाला हे सोपे आहे, पण खऱ्या लोहाराला ते पटणार नाही. हा गुण शस्त्र घडवतानाच द्यावा लागतो, मागाहून नाही. आणि मंत्रसामर्थ्यही अशाच शस्त्रात भरता येते.

धातूचे काम निराळे आहे. लांडग्याचे रूप घेणारा जन्मजात नरवृक प्रत्येक वारातील दहा अंकांची इजा सहज पचवतो. केवळ चांदीपुढे त्याचे काही चालत नाही. आठ पृष्ठांचा फासा आणि बळाचे तीन अंक घेऊन लढणाऱ्याची साधी तलवार फार तर अकरा अंकांची इजा करते. त्यांतून शत्रूला लागतो एकच अंक, तोही सर्वांत मोठे दान पडले तर. चांदीचा लेप दिलेल्या तलवारीचा सारा वार लागतो; मात्र चांदी मऊ, म्हणून इजेतून एक अंक वजा होतो. लेपाला ९० नाणी पडतात.

म्हणजे नवख्याच्या १५० नाण्यांत चांदीची तलवार बसते, उत्तम घडणीची बसत नाही. परंतु चिलखतासाठी मग ४५ नाणीच उरतात, आणि वाटेत नरवृकाऐवजी साधे दरोडेखोर भेटले तर तीच तलवार प्रत्येक वाराला एक अंक कमी पडते.