मूत्रपिंडे आणि मधुमेह

लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे मधुमेह नाही, हा समज घातक आहे.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील सुमारे १८० ग्रॅम साखर मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका जवळजवळ पूर्णपणे रक्तात परत शोषून घेतात. रक्तातील साखर दर १०० मिलिलिटरमागे सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते. मधुमेहात ही मर्यादा पुष्कळदा आणखी वाढते. उलट, उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर हे मधुमेहाचे लक्षण मानतात. अर्थात, रोग जडला असूनही लघवी निर्दोष दिसू शकते.

म्हणून तीस वर्षांवरील प्रत्येकाने लघवीवर विसंबून न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.