जुना डायनाको: पैसा आधी कुठे घालावा

फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने १९५९ साली ‘स्टिरिओ ७०’ हा ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. सर्किट बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, चेसिस, वायर आणि सूचनांची पुस्तिका असा त्याचा किट शंभर डॉलरच्या आत मिळे. घरच्या टेबलावर सोल्डरिंग करून कोणीही तो उभा करू शके आणि दर चॅनेलला ३५ वॅट मिळवू शके. कंपनीचे डेव्हिड हॅफ्लर यांनी हर्बर्ट केरोस यांच्यासोबत ‘अल्ट्रालिनियर’ पद्धत आधीच लोकप्रिय केली होती. त्या पद्धतीचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर हेच या यंत्राचे खरे धन. म्हणूनच आजही लोक तो शोधून घेतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या एका मित्राने असाच एक विकत घेतला आणि आम्ही दोघांनी तो उघडून तपासायला घेतला. विकणाऱ्याने ‘अपग्रेड केलेला’ म्हणून चढा भाव लावला होता. आउटपुटच्या चार कोऱ्या ईएल३४ ट्यूब होत्या, पॉवर सप्लायमध्ये भलामोठा कंडेन्सर होता. बोर्डावरचे कंडेन्सर मात्र मूळचेच.

करंट मर्यादित ठेवण्यासाठी मालिकेत जोडलेल्या बल्बवर, म्हणजे सिरीज बल्बवर, सगळे ठीक दिसले. पूर्ण व्होल्टेज मिळताच एका ट्यूबची प्लेट लाल होऊ लागली. यंत्र लगेच बंद केले, म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला.

कारण मीटरवर सापडले. ड्रायव्हर ट्यूबचा सिग्नल ईएल३४ च्या ग्रिडवर पोहोचवणारे ०.१ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर डीसी अडवतात. वय झाले की ते गळू लागतात. ग्रिडवर उणे ३५ व्होल्टच्या आसपास बायस हवा असतो. गळून आलेला धन दाब तो कमी करतो, ट्यूबमधून बेसुमार करंट वाहतो आणि प्लेट तापते. भरीला बायस पुरवणारा जुना सेलेनियम रेक्टिफायरही अशक्त झाला होता. दोन्ही गोष्टी मिळून नव्या महागड्या ट्यूबचा जीव घेत होत्या.

दुसरा धोका त्या मोठ्या कंडेन्सरचा. मूळ डिझाइनमध्ये जीझेड३४ रेक्टिफायरनंतरचा पहिला कंडेन्सर ३० मायक्रोफॅरडचा आहे आणि या ट्यूबची मर्यादा ६० ची. तिथे १०० चा बसवला होता. मोठा कंडेन्सर चार्ज होताना रेक्टिफायरमधून करंटचे जोरदार झटके ओढतो. ट्यूबमध्ये ठिणगी पडू शकते आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो. स्पीकरमधली गुणगुण (हम) कमी होईल या आशेने केलेला हा बदल यंत्राचे आयुष्य घटवणारा होता.

बजेट तुटपुंजे असेल तर खर्चाचा क्रम पाळणे सर्वांत महत्त्वाचे. विकत घेण्याआधी ट्रान्सफॉर्मर तपासून घ्यावेत. वाइंडिंग तुटलेले किंवा जळक्या वासाचे असेल तर स्वस्तातला सौदाही महागात जातो. घरी आणल्यावर पहिला खर्च सुरक्षिततेवर: तीन तारांची केबल, चेसिसला पक्के अर्थिंग, योग्य फ्यूज. त्यानंतर चार भागांचा फिल्टर कंडेन्सर मूळच्याच मापाचा, म्हणजे ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्ट. मग ०.१ चे चारही कंडेन्सर; साधे ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन उत्तम चालतात, नामांकित ब्रँडच्या मागे लागू नये. सेलेनियमच्या जागी सिलिकॉन डायोड बसवावा. त्याने बायसचे व्होल्टेज वाढते, त्यामुळे मालिकेतला रेझिस्टर बदलून नियंत्रणाचा पल्ला पुन्हा जुळवावा लागतो.

बायस लावण्याची मूळ सूचना १.५६ व्होल्टची. १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर हे व्होल्टेज आले की दोन ट्यूब मिळून १०० मिलिअँपिअर वाहतात. त्या रेझिस्टरचे मूल्यच बदलून गेले असेल तर मीटर चुकीचे सांगतो, म्हणून आधी त्याचे मोजमाप घ्यावे. एका चॅनेलच्या दोन्ही ट्यूबना एकच बायस नियंत्रण आहे, त्यामुळे जोडी जुळलेली हवी. एवढे झाल्यावरच नव्या ट्यूबसाठी खिशात हात घालावा. ईएल३४ आजही तयार होतात, स्लोव्हाकियाच्या जेजेच्या सहज मिळतात. ड्रायव्हरच्या ७१९९ मात्र दुर्मीळ आणि महाग. ६जीएच८ चालते, पण पिना वेगळ्या असल्याने अ‍ॅडॉप्टर लागतो.

भारतात असा अ‍ॅम्प्लिफायर आणणाऱ्यांनी तो अमेरिकेतल्या कमी व्होल्टेजसाठी बनलेला असल्याने २३० व्होल्टवर थेट कधीच लावू नये. ५०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्याचे आउटपुट मोजूनच यंत्र जोडावे. सिरीज बल्ब या ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावावा. रेझिस्टर, डायोड, फिल्म कंडेन्सर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतात. ५२५ व्होल्टचा फिल्टर कंडेन्सर बहुधा बाहेरून मागवावा लागतो. तिथे कमी व्होल्टचा कंडेन्सर बसवून पैसे वाचवू नयेत.

आणि जीव सर्वांत आधी. आत चारशेहून अधिक व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते राहू शकतात. मोठ्या वॅटेजचा, इन्सुलेशन केलेला रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे करावेत आणि मीटरवर शून्य दिसल्यावरच आत हात घालावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. सिग्नल देताना आउटपुटला स्पीकर किंवा डमी लोड नेहमी जोडलेला असावा. ज्यांना हाय व्होल्टेजचा सराव नाही, त्यांनी मीटर चालवता येणारा अनुभवी माणूस शेजारी बसवून पहिली चाचणी करावी. शेवटी मोजलेली सर्व व्होल्टेज तारखेसह एका कार्डावर लिहून ते खालच्या झाकणाला आतून चिकटवावे, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला तुलनेसाठी आकडे हाताशी राहतील.