होडी ठरवण्याआधी तिथी बघा

मुंबई बंदराच्या नकाशावर बेटं मोजायला बसलात तर हाताची बोटं लागतील. पण सुटीच्या दिवशी उतरून पाय मोकळे करता येतात ते एकाच बेटावर, घारापुरीला. जवाहर द्वीप, म्हणजे जुन्या नकाशातलं बुचर आयलंड, तेलाच्या टाक्यांचं. मिडल ग्राउंड आणि ऑयस्टर रॉक नौदलाचे. क्रॉस आयलंड भाऊच्या धक्क्याच्या बाजूने लांबून बघण्यापुरतं. तेव्हा ‘शिडाच्या यॉटमधून एका दिवसात चार बेटं’ अशी जाहिरात दिसली की पहिला प्रश्न भाड्याचा नाही, उतरायला कुठे मिळणार याचा. उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवून द्यावा.

मेहुणा ग्रीसला जाऊन आला होता आणि निळ्या पाण्यातल्या पांढऱ्या शिडांचे फोटो आमच्या विक्रोळीच्या कन्नमवारनगरातल्या घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवून झाले होते. हे आपल्याकडेही होतं, असं कळल्यावर त्यानेच होडी ठरवली, आगाऊ रक्कमही भरली. मार्गशीर्षातली एकादशी, हवा गार, आकाश स्वच्छ. सासूबाईंचा उपास होता, म्हणून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा बरोबर. साडेआठच्या सुमारास गेटवेपाशी होडीत चढलो तेव्हा तांडेलाची नजर त्या डब्यावर गेली. “आज एकादशी ना? मग पाणी दिवसभर उलटं,” तो म्हणाला आणि दोर सोडायला लागला.

उलटं म्हणजे कसं, ते सांगतो. घारापुरी गेटवेच्या ईशान्येकडे, सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरवर. भरतीचं पाणी त्याच दिशेने आत, ठाण्याच्या खाडीकडे चढतं आणि ओहोटीला परत बाहेर पडतं. एकादशीला भरती सकाळी सव्वाआठच्या आसपास पुरी होते. म्हणजे आम्ही निघालो आणि पाणी आमच्या तोंडावर बाहेर पडायला लागलं. हिवाळ्यात सकाळचा वारा मतलई, जमिनीवरून येणारा, तोही ईशान्येचाच. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडात जात नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं तिरकं जावं लागतं. तासभर आम्ही बंदराची रुंदी मोजत होतो. मग मतलई मेला. खारा वारा सुटायला दुपार व्हायची होती. मधल्या वेळात शीड डोलकाठीला फटफट आपटत राहिलं आणि तांडेलाने इंजिन चालू केलं.

तिथून पुढे घारापुरीपर्यंत डिझेलचा धूर. पोहोचेतो ओहोटी खाली गेली होती. या होड्यांना तळाशी वजनदार कणा असतो, लहान होडीलाही चार-पाच फूट पाणी लागतं. किनाऱ्याकडे चिखल उघडा पडत चाललेला, म्हणून आम्ही लांबवर नांगर टाकला. उतरायचं तर दुसरी छोटी होडी आणि तिचे पैसे वेगळे. मेहुणा आणि मुलं गेली, लेण्यांपर्यंत पोहोचून लगेच वळली. सासूबाई सावलीत बसून खिचडी खात होत्या. संडासाची सोय आहे, असं फोनवर सांगितलं होतं. ती होती नाळेखाली, गुडघे मुडपून आणि मान वाकवून शिरायची. सत्तरीच्या बाईने तिथे काय करावं? त्यांनी दुपारभर पाणीच प्यायलं नाही.

परतताना खारा वारा छान सुटला, पण पश्चिमेचा, म्हणजे पुन्हा समोरून. अडीचनंतर भरती सुरू झाली, तीही आम्हाला मागे ढकलणारी. ताजची इमारत बराच वेळ तेवढीच लांब राहिली. उन्हं उतरली तशी इंजिन पुन्हा चालू. धक्क्याला लागल्यावर मालकाच्या माणसाने इंजिनच्या तासांचा वेगळा हिशोब पुढे केला आणि मेहुण्याने घातलेला वाद अजून आमच्या घरात चघळला जातो.

तांडेल बिचारा खरं बोलणारा होता, पण तो धक्क्यावर भेटतो, बुकिंग घेणारा भेटत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी तांडेलाशी दोन मिनिटं बोलायला मागा. भाड्यात तांडेल, डिझेल आणि छोटी होडी धरली आहे का, वारा नसला तर काय, बंदर खात्याने सफर थांबवली तर रक्कम परत मिळते का, हे लेखी घ्या. होडीची नोंदणी आणि प्रवाशांची मर्यादा विचारायला लाजू नका.

जाकिटांचं मात्र डोळ्यांनी बघा. आमच्या होडीत ती होती, बाकाखालच्या पेटीत, सगळी मोठ्यांच्या मापाची. धाकट्याच्या अंगावर घातलेलं जाकीट मांडीपर्यंत लोंबत होतं. पट्टा दोनदा गुंडाळला तरी वर ओढलं की डोकं आत जायचं. असं जाकीट पाण्यात मुलाला सोडून एकटंच वर येतं. 18 डिसेंबर 2024 रोजी याच वाटेवर चाचणीला निघालेली नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. होडी शिडाची असली, हळू जाणारी असली तरी या पाण्यात मोठी जहाजं, लाँचेस, नौदलाच्या बोटी सतत फिरत असतात. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये असू द्या, आणि होडीवर वायरलेस चालू आहे का, तेही बघा.

आता तिथीचं. घरामागेच ठाण्याची खाडी असून आम्हा विक्रोळीकरांना भरती-ओहोटीचा पत्ता नसतो, कारण मध्ये कांदळवन. कोकणातल्या माणसाला मात्र ‘तिथीची पाऊण’ तोंडपाठ. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ छापील भरतीच्या कोष्टकातून घ्यावी. पण दिवस निवडायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचा दिवस धरलात तर सकाळी भरती तुम्हाला घारापुरीकडे नेते, दुपारी तिथे पाणी भरपूर असतं, आणि परतताना ओहोटी सोबत येते. या दिवसांत उधाण असल्याने पाण्याला ओढ जास्त, म्हणून ती सोबतच हवी. अष्टमीला ओढ कमी, पण दोन्ही वेळा उलटी. सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आणि सकाळी सातचा हट्ट सोडा. दहा-अकराला निघून खाऱ्या वाऱ्यावर जाणं शिडाला मानवतं. नुसता वारा आणि शीड अनुभवायचं असेल तर बेटाचं नावही काढू नका. दुपारी तीननंतर दोन तास बंदरातच फिरा, खर्च कमी आणि शिडावर चालण्याचा वेळ जास्त.

खांदेरीची हौस अनेकांना असते, 2025 मध्ये तो किल्ला जागतिक वारसा यादीत आल्यापासून अधिकच. गेटवेपासून तो पंचवीसेक किलोमीटर दक्षिणेला. हिवाळ्यात दुपारच्या वायव्य वाऱ्यावर जाणं सुखाचं, येणं जिवावर येणारं. 1679 मध्ये शिवाजी महाराजांची माणसं खांदेरी बांधत होती, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजं वेढा घालून बसली होती. किनाऱ्यावरून निघणाऱ्या मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून, वल्ह्यांवर, रात्री त्यांना चुकवून रसद पोहोचवत. वारा पडला की मोठं शीड निरुपयोगी. आजही शहाणपणाचा मार्ग तोच: मांडव्याला उतरून थळला जा आणि तिथल्या कोळ्यांच्या यांत्रिक होडीतून किल्ला बघा.

मेहुणा पुन्हा ग्रीसची भाषा करतोय, या खेपेला तांडेलाशिवाय होडी घ्यायची म्हणे. तिथे त्यासाठी होडी चालवण्याचा दाखला मागतात, अनामत घेतात आणि परत देताना एकेक ओरखडा तपासतात. त्याला मी दाखल्याबद्दल विचारलं. त्याने सासूबाईंना बरोबर न्यायचं की नाही, हा विषय काढला.