शिकलात? आता दहा मिनिटं गप्प बसा!



मे महिन्यात तारकर्लीत होमस्टे चालवताना बुकिंगचे फोन एकामागून एक येतात. चार पाहुण्यांपैकी दोघं शाकाहारी, हे तुम्ही नीट ऐकलेलं असतं. पण संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात सुरमई जाते, आणि ते कुटुंब पुन्हा येत नाही. असं का होतं?

मेंदूत दोन्ही बाजूंना, कानाच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. तो आपली कच्ची वही. पक्की खतावणी हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरात होते. आपण थांबतो किंवा गाढ झोपतो, तेव्हा हिप्पोकॅम्पसमधल्या हजारो पेशी एका दमात चेततात. रापण ओढताना सगळे एकत्र जोर लावतात ना, तसं! ही लहर जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टिकते, पण तेवढ्यात नुकतंच घडलेलं मेंदू भराभर उजळून घेतो.

ही लहर मोडली तर? २०१२ साली शंतनू जाधव आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. जाग्या उंदरांच्या मेंदूत लहर उठली की लगेच विजेचा बारीक झटका देऊन ती मोडली. 'आत्ता आपण कुठून आलो' हे लक्षात ठेवून पुढची वाट निवडायला ते उंदीर नीट शिकेनात. तेवढाच झटका थोड्या उशिरा दिलेले उंदीर मात्र शिकले.

उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावू नका. पण त्याच वर्षी मायकेला ड्यूअर यांच्या गटाने वयस्कर माणसांना गोष्ट ऐकवली. नंतर दहा मिनिटं शांत बसल्यावर ती ७ दिवसांनीही जास्त आठवली. गोष्टीनंतर लगेच खेळात गुंतल्यावर कमी.

मग आपण काय करायचं?

१. फोन ठेवताच वहीत लिहा: तारीख, माणसं, शाकाहारी किती. सीझनमध्ये नुसत्या आठवणीवर धंदा नको.

२. नवीन काही शिकलात, जीएसटी असो वा मसाल्याचं कॉस्टिंग, तर पुढची दहा मिनिटं मोबाईल नको, गजालीही नकोत. डोळे मिटून बसा.

३. झोप मारून हिशेब करू नका. पक्की खतावणी झोपेतही होते.

आजचा व्हिडिओ संपला की लगेच पुढचा लावू नका. आधी दहा मिनिटं बसा!