काँक्रीटचे खळे टिकाऊ कसे कराल?

सटाणा परिसरात मका, बाजरी आणि उन्हाळ कांदा ही पिके मोठ्या प्रमाणावर घेतली जातात. मका वाळविणे, कांद्याची प्रतवारी करणे, भरलेली ट्रॉली उभी करणे यासाठी काँक्रीटचे खळे सोयीचे पडते. परंतु अनेक खळ्यांना दोन-तीन पावसाळ्यांतच तडे जातात व कडा ढासळतात. दोष सिमेंटला दिला जातो. प्रत्यक्षात कच्चा पाया, मालात जादा पाणी, जमिनीला टेकलेली सळई आणि अपुरे पाणी मारणे ही चार कारणे बहुतेक वेळा आढळतात.

पाया
काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यावर थेट काँक्रीट टाकू नये. किमान ४५ सें.मी. काळी माती काढून मुरूम भरावा. मुरमाचा प्रत्येक थर १५ सें.मी. ठेवून, पाणी मारून धुम्मसाने अगर रुळाने दाबावा. त्यावर दगडाचे सोलिंग करून फटी बारीक मुरमाने भराव्यात व प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. खळ्याभोवती चर काढून पावसाचे पाणी दूर न्यावे.

साहित्य
१० × ६ मीटर आणि १५ सें.मी. जाडीच्या खळ्यास ९ घनमीटर काँक्रीट लागते. १ : १॥ : ३ या प्रमाणासाठी अंदाजे ७२ गोणी सिमेंट, ३.८ घनमीटर वाळू व ७.६ घनमीटर २० मि.मी. खडी लागेल. ८ मि.मी. सळई सुमारे २५० किलो लागेल.

माल
घमेल्याचा अंदाज चुकतो. ४० × ३५ × २५ सें.मी. मापाची पेटी करावी. तिच्यात ३५ लिटर माल, म्हणजे एका गोणीतील सिमेंटएवढा माल बसतो. एका गोणीस दीड पेटी वाळू व तीन पेट्या खडी घ्यावी. ओली वाळू फुगलेली असते, म्हणून ती थोडी जास्त घ्यावी. गोणीमागे पाणी ३० लिटरपेक्षा जास्त नको. वाळूतील ओलावाही त्यातच धरावा. माल पसरण्यास सोपा जावा म्हणून पाणी वाढविल्यास ते उडून गेल्यावर पोकळ्या राहतात व पृष्ठभागाची धूळ निघते. विहिरीचे पाणी खारट असल्यास वापरू नये, त्याने सळई गंजते.

सळई
सळई दोन्ही दिशांनी २० सें.मी. अंतरावर बांधावी. जोड किमान ४० सें.मी. घ्यावा. जाळी वरून ५ सें.मी. खाली राहील अशा उंचीच्या चेअरवर ठेवावी. जाळी जमिनीवर टाकून माल ओतताना आकड्याने उचलण्याची पद्धत सोडावी. ती पुन्हा खाली बसते. सळईने तडा थांबत नाही, तो रुंदावत नाही एवढेच.

ओतणे व चिरा
दर मीटरला १ सें.मी. उतार द्यावा. माल व्हायब्रेटरने दाबून पट्टीने सारखा करावा. वर कोरे सिमेंट भुरभुरू नये. माल घट्ट झाल्यावर २४ तासांच्या आत कटरने ४ सें.मी. खोल चिरा पाडाव्यात; लांबीत दोन व रुंदीत एक. तडा गेलाच तर तो चिरेतच जातो.

पाणी मारणे
दुसऱ्या दिवसापासून मातीचे वाफे करून अगर ओले बारदान टाकून १४ दिवस खळे सतत ओले ठेवावे. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून मधे वाळू देणे उपयोगाचे नाही. भरलेली ट्रॉली २८ दिवसांनंतरच चढवावी.

मक्याचे काम आटोपल्यावर डिसेंबर-जानेवारीत काम धरावे. थंडीत माल लवकर सुकत नाही, विहिरीलाही पाणी असते आणि मार्च-एप्रिलच्या कांदा काढणीपूर्वी खळे तयार होते.

ही माहिती जमिनीवरील खळ्यापुरती आहे. छताच्या स्लॅबची सळई अभियंत्याच्या आराखड्याप्रमाणेच टाकावी.