चूल कशी पेटते?

पाऊस लागला आहे. सरपण ओले आहे. चूल पेटत नाही. घरभर धूर होतो. डोळे चुरचुरतात. असे का होते?

लाकडात पाणी असते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचेच असू शकते. ते पाणी निघून गेल्याशिवाय लाकूड पेटत नाही. पाणी १०० अंशाला उकळते. लाकूड पेटायला सुमारे ३०० अंश उष्णता लागते. आगकाडी क्षणभरच जळते. तेवढ्यात जाड ओंडका कसा तापेल? बारीक वाळकी काटकी मात्र चटकन तापते. म्हणून आधी बारीक, मग मध्यम, मग जाड.

सटाण्याच्या शिवारात अशी काडीकाटकी पुष्कळ. बाभळीच्या काटक्या, तुराट्या, डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसे. बाजरीचे सरमाड मात्र जाळू नका. तो गुरांच्या तोंडचा घास आहे.

काटक्या चैत्र-वैशाखात गोळा करा. कडक ऊन द्या. वीतभर तुकडे करून पत्र्याच्या डब्यात भरा. डबा चुलीपासून दूर ठेवा. उघड्यावर रास असेल तर आधी काठीने हलवा. आत विंचू असतो.

आता एका घरातले बोलणे ऐका.

"आत्याबाई, चूल पेटंना. जरा रॉकेल ओतू का?"

"नको गं बाई! राखेत निखारा असंल तर भडका उडंल. डब्यातल्या काटक्या घे."

आत्याबाईंचे खरे आहे. निखारा राखेखाली दडलेला असतो. त्यावर रॉकेल पडले की त्याची वाफ होते. वाफ पेटते आणि ज्वाळा थेट पदराला लागते. बाई भाजते. कधी जीवही जातो. प्लास्टिकची पिशवीही चुलीत घालू नका. तिचा धूर विषारी असतो.

चुलीत खाली पाचोळा ठेवा. वर काटक्या आडव्या-उभ्या रचा. दाबून भरू नका. वारा खेळला तरच जाळ धरतो.

२०१६ साली सरकारने उज्ज्वला योजना सुरू केली. पुष्कळ घरी गॅस आला. तरी आंघोळीचे पाणी अजून अनेक ठिकाणी चुलीवरच तापते. तेव्हा मूठभर वाळकी काटकी घरात असू द्या. रॉकेलच्या बाटलीला हात लावायची वेळच येणार नाही.

सांगा पाहू :
१. ओले लाकूड लवकर का पेटत नाही?
२. राखेवर रॉकेल ओतले तर काय होते?
३. तुमच्या शिवारात कोणकोणती काडीकाटकी मिळते? पाच नावे लिहा.